वाळूत कणगं रोवणारा परशू

दिग्गी वाडीतल्या परशू मिराशाला एक खोड होती. रानातून चालताना वाटेला जिथं फाटा फुटेल तिथं तो थांबायचा, हाताला लागेल त्या झुडपाची डहाळी मोडायचा आणि आपण निघालो त्या बाजूला तिचा शेंडा करून ठेवायचा. पुढचा कुठं गेला ते मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. तसं दिग्गीत हे सगळेच करत, एवढ्या किर्र रानात दुसरा इलाजही नव्हता. पण बाकीचे लोक लांबच्या रानात गेले की मोडत. परशू घरामागच्या झऱ्यावर तोंड धुवायला जातानाही मोडायचा. त्याच्या परड्यातली करवंदीची जाळी बारा महिने न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखी दिसे.

"आमचं माणूस न्हाणीत निघालं तरी पाला मोडतंय," त्याची बायको पुतळी बायकांत सांगायची. "म्हटलं, घंगाळात हरवशीला काय?"

मिराशी या आडनावामागं एक मान होता. वाडीतल्या अकरा घरांची होळी एक, आणि होळीसाठी रानातलं जे झाड निवडायचं त्याच्यावर पहिला घाव मिराशांच्या थोरल्या घरच्यानं घालायचा. परशूच्या आज्यानं घातला, बापानं घातला, आता परशू घालत होता. त्याच्या आधी कुणी कुऱ्हाड उचलायची नाही. मात्र एखाद्या होळीला थोरल्या घरचा माणूस हजर नसला, तर मान धाकट्या घरी जायचा, आणि गेलेला मान परत मागायची रीत नव्हती. धाकट्या घरी परशूचा चुलतभाऊ कान्हू राहत होता. माघ लागला की हा कान्हू अंगणात बसून कुऱ्हाडीला धार लावायचा आणि जाता-येता परशूला विचारायचा, "काय गा, तब्येत बरी हाय न्हवं?" मायेनं विचारतो की आशेनं, हे वाडीला कधी ठरवता आलं नाही.

अशा या परशूच्या आयुष्यात फटफटी आली ती पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाल्यावर.

खानापूरचे बाबुराव लाकडाच्या मक्त्यासाठी नंदिगड्ड्यावरून दिग्गीपर्यंत येत. इतकी वर्षं बैलगाडीतून यायचे, ते एकदम फटफटीवरून आले. लष्करानं मोडीत काढलेली फटफटी, आणि तिच्या डाव्या कुशीला एका चाकाचा डबा जोडलेला. वाडीनं त्या डब्याला 'पाळणा' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून काशीम्हातारी गाय तिथंच टाकून डोंगरावर पळाली. गाय आपली रवंथ करत उभी होती.

त्या फटफटीला इंजिनावरून मागच्या चाकावर एक चामड्याचा पट्टा होता. तोच चाक फिरवायचा. ओढा ओलांडताना तो भिजून फुगला आणि तुटला. बाबुराव पाण्यात उभे राहून पट्टा विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत होते, तेवढ्यात डोक्यावर केवणीच्या सालीचा भारा घेतलेला परशू आला. केवणीच्या सालीचे दोर दिग्गीत घरोघर होतात. कोरडी साल पिळली की तडकते. ओली केली की सापासारखी वळते. परशूनं साल ओढ्यात भिजवली, मांडीवर पिळून बोटाएवढा दोर केला, चाकांवर चढवला आणि म्हणाला, "हाणा आता."

फटफटी खानापूरपर्यंत त्या दोरावर गेली. त्या दिवसापासून बाबुराव परशूला सोडीनात.

उळवीच्या जत्रेत त्यांनी परशूला गाठलं. पन्नाशीचा माणूस, पण रागानं नाक लहान पोरासारखं लाल झालेलं. हातात धाकट्या भावाचं, गोपाळचं पत्र. गोपाळ तिकडं राजपुतान्यात, बाडमेरच्या रेल्वे स्टेशनात नोकरीला होता.

"काय लिवलंय बघ," बाबुराव म्हणाले. परशूला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचलं. "'दादा, तुझी गाडी खानापूरच्या बाजारातनं वांगी आणायला बरी. घाट चढून, वाळू तुडवून ती बाडमेरला आणलीस तर मी मिशी काढीन.' काढीनच म्हणतोय! चल, परशू. उद्याच निघू."

"कुठं?"

"मिशी काढायला."

परशूनं उळवीच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. वाळवंट म्हणजे झाडं नसलेली जागा, एवढं बाबुरावांनी सांगितल्यावर त्याला ते पटलंच नाही. झाडं नसतील तर मग तिथं असतं काय? ते बघायचंच, असं त्याच्या मनानं घेतलं. पण त्यानं एक अट घातली. "अण्णा, होळीला मी दिग्गीत पायजे. महिना हाय मधी. काय बी करा, होळीच्या दिवशी झाडापाशी मी उभा पायजे."

"उभा करतो. माझा शबुद."

वाडीत बातमी पोचली, तेव्हा कान्हू धारच लावत होता. "जा की गा बिनघोर," तो म्हणाला. "न्हाईच आलास तर मी हाय. कुऱ्हाड बी हाय."

"तुझी कुऱ्हाड हाय म्हणूनच यायचं हाय," परशू म्हणाला.

पुतळीनं कणगांचं पोतं पाळण्यात ठेवलं. कणंग म्हणजे रताळ्यासारखं दिसणारं, जमिनीखाली वाढणारं आमच्याकडचं कंद. भाजा, उकडा, नुसतं चावा, पोट भरतं. "तकडं काय मिळतंय, काय न्हाई," ती म्हणाली. "आणि हे बघा, तकडं झाडं न्हाईत म्हणं. डहाळी काय मोडशीला?"

परशू हसला. पण ती गोष्ट त्याच्या डोक्यात बसली.

जाताना बाबुराव पुढं हांडल धरून, आणि परशू पाळण्यात, मांडीवर कणगांचं पोतं, त्यावर केवणीच्या सालीची जुडी. पुण्याच्या वाटेवरचे घाट लागले. चढणीला फटफटी धापा टाकायची, मग परशू खाली उतरून ढकलायचा. माथ्यावर पोचलं की पाळण्यात बसायचा, उतार लागला की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. एकूण हिशेब असा, की फटफटीनं परशूला जेवढं नेलं जवळजवळ तेवढंच परशूनं फटफटीला नेलं. पुण्यात चार रस्ते एकत्र आले, तिथं त्यानं सवयीनं एका साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणाची डहाळी मोडली. माळी खुरपं घेऊन धावला. पुढं चढण होती, तरी फटफटी त्या दिवशी फार छान पळाली.

नर्मदा नावेतून ओलांडली. अबूचा डोंगर आला तेव्हा परशूला घरी आल्यासारखं वाटलं. झाडी, थंडी, मध, अस्वलाच्या गोष्टी. "इथंच वाळवंट असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. बाबुरावांनी त्याला खांद्याला धरून डोंगराच्या पलीकडच्या कडेला नेलं. खाली जमीन आभाळाला टेकेपर्यंत सपाट पडली होती, भाजलेल्या नाचणीच्या पिठासारखी.

परशूनं कपाळावर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "कुणी तोडलं हो एवढं रान?"

खरी गंमत पुढंच झाली. बाडमेर दहा-बारा कोसांवर राहिलं, आणि गाडीवाट अशी फुटत गेली की कुठली वाट आणि कुठली उंटांची पावलं, कळेना. फाट्यावर परशू म्हणाला, "अण्णा, थांबा." खाली उतरला. इकडं तिकडं बघितलं. डहाळी नाही, पाला नाही, काटकीसुद्धा नाही. मग त्यानं पोत्यातून एक कणंग काढलं आणि निघालेल्या दिशेला कलतं करून वाळूत रोवलं.

"अरे, आपल्या मागनं कोण येणार हाय?" बाबुराव ओरडले.

"कोण तरी येतंयच की. मागनं कुणी येत न्हाई, असं रान न्हाई."

"हे रान हाय काय?"

"तोडलेलं हाय. पण हाय."

पुढच्या फाट्याला दुसरं कणंग. मग तिसरं. सात-आठ कणगं झाली, आणि मऊ वाळूत चाक रुतून पट्टा तुटला. जवळचा जादा पट्टा घाटातच संपला होता. उरली केवणीची साल, आणि ती कोरडीठाक. पाण्याची बाटली अर्धी, ती दोघांच्या घशासाठी. परशूनं सालीचा एक पदर कोरडाच पिळून बघितला, तडकला. बाबुरावांनी कपाळावरचा घाम पुसला, सालीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच मिशीचं नाव काढलं नाही.

परशूला मात्र वेगळीच काळजी होती. माघ संपत आला होता. इथं अडकलो, तर होळीला झाडापाशी उभं राहायचं कसं? त्याच्या डोळ्यांपुढं वाळू नव्हतीच. कान्हूची कुऱ्हाड होती, लखलखीत.

"तुम्ही सावलीला बसा," तो म्हणाला. सावली फक्त पाळण्याची होती. "मी कणगांच्या खुणेनं मागं जातो. मागं एक गाव लागलं, तिथं विहीर होती."

पहिल्या खुणेच्या जागी आला. कणंग नाही. थोडा पुढं गेला. तिथंही नाही. वाळूत नुसतं भोक, आणि भोकाभोवती बारीक खुरांचे ठसे. परशू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दिग्गीच्या रानात वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे. पण मोडलेली डहाळी आजवर कुणी खाल्ली नव्हती. झाडाची डहाळी सोडून खायचा जिन्नस खूण म्हणून ठेवणारा जगात पहिला शहाणा आपणच, हे त्याला तिथं उमगलं.

तेवढ्यात टेकाडावरून शेळ्यांचा कळप उतरला. सगळ्यांत पुढच्या काळ्या शेळीच्या तोंडात कणंग. मागून लाल पागोट्याचा एक रबारी म्हातारा, खांद्यावर काठी आणि डोळ्यांत खून. तिकडं रबारी शेळ्या-उंट राखतात. त्याची शेळी सकाळपासून वाळूतून काहीतरी उकरून खात एका दिशेनं चालली होती, सगळा कळप तिच्यामागं, आणि तो कळपामागं. कुणीतरी चोर आपल्या शेळ्यांना खाऊ घालत पळवतोय, अशी त्याची खात्री पटली होती. चोर समोर सापडला.

परशूनं मराठीत सांगितलं, कोंकणीत सांगितलं, शेवटी कानडीतही सांगून बघितलं. म्हाताऱ्यानं प्रत्येक भाषेला काठी एक वीत वर उचलली. पोतं फटफटीपाशी होतं, म्हणून परशूनं वाटेत खायला कमरेला खोचलेलं एक कणंग काढलं, अर्धं मोडून स्वतः खाल्लं, अर्धं म्हाताऱ्यापुढं धरलं. ते अर्धं काळ्या शेळीनं घेतलं. म्हातारा हसला. त्याला दात तीनच होते, पण हसू पुरेसं होतं.

दोघं फटफटीपाशी आले, तिथं बाबुरावांच्या मोडक्या हिंदुस्थानीतून म्हाताऱ्याला सगळं समजलं. शेणकुटं पेटवून कणगं भाजली. म्हाताऱ्यानं साल काढून तोंडात घातलं, डोळे मिटले आणि मान हलवली. मग त्यानं आपली चामड्याची पखाल उघडून दोघांना पाणी पाजलं. परशू ओंजळ सालीवर धरून उरलेलं पाणी ओतायला लागला, तसा म्हातारा किंचाळला. हात धरून ओढला. पाणी! दोरावर! त्याच्या चेहऱ्यावर असं भय होतं, की परशूला स्वतःची लाज वाटली. दिग्गीत वर्षातले चार महिने पाणी नको नको म्हणत घरात शिरतं. इथं ते माणसाच्या तोंडाशिवाय कुठं जात नाही.

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. मग काळ्या शेळीला ओढून आणली आणि तिच्याकडं बोट केलं.

अशा रीतीनं केवणीची साल शेळीच्या दुधात भिजली. परशूनं मांडीवर दोर पिळला, बाबुरावांनी चाकांवर चढवला. निघताना परशूनं एक भाजकं आणि दोन कच्ची कणगं म्हाताऱ्याच्या पदरात घातली. शेळीनं अर्धवट चावून वाळूत टाकलेलं एक त्यानं उचलून कंबरेला खोचलं. कान्हूला दाखवायला पुरावा नको?

बाडमेरात फटफटी शिरली तेव्हा मागं सात कुत्री होती. दूध नासलं होतं.

"दादा, ही गाडी हाय का दुभती म्हस?" गोपाळनं दारातूनच नाक धरलं. पण शब्दाचा पक्का. त्याची बायको यमुना वाटीत पाणी घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या लोकांनी गोपाळला ओळखलं नाही.

चार दिवस मजेत गेले. बाबुराव रोज स्टेशनाच्या पटांगणात फटफटीच्या फेऱ्या मारायचे, गाव गोळा व्हायचं. यमुना बाजरीची भाकरी आणि तूप वाढायची. परशू कट्ट्यावर बसून आभाळ बघायचा. इतकं आभाळ त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. दिग्गीत ते झाडांमधून तुकड्यातुकड्यानं मिळतं. त्याला ते आवडलं. पण संध्याकाळी पश्चिमेला बीजेची कोर दिसली, आणि ती पुरती भरली की होळी.

"अण्णा, निघूया न्हवं?"

"अरे, नवा पट्टा मिळालाय, आता काय काळजी? होळी इथंच खेळू. रेल्वेची होळी मोठी असती."

परशूनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुराव दात घासायला बाहेर आले, तर उंबऱ्यासमोर एक कणंग रोवलेलं, दक्षिणेला तोंड करून. गल्लीच्या कोपऱ्यावर दुसरं. गावाबाहेर तिसरं.

"यमुने, परशू कुठं हाय?"

"पहाटेच गेले. म्हणाले, दिग्गीला जातो."

"चालत?"

"मी बी तेच विचारलं. म्हणाले, वाट ठावं हाय."

बाबुरावांनी तोंडही धुतलं नाही. कणगांच्या खुणेनं फटफटी हाणली. दीड कोसावर परशू खांद्यावर पोतं टाकून बेतानं चालला होता. फटफटीचा आवाज आला तरी वळून पाहिलं नाही. नुसता थांबला आणि पाळणा जवळ येताच आत बसला.

"मागनं कुणी तरी येतंयच, म्हटलं होतं न्हवं," तो म्हणाला.

बाबुरावांनी मैलभर फटफटी हाणली. मग म्हणाले, "शबुद दिला होता, इसरलो. तोंड धुवायला थांबू का न्हाई?"

परतीचे दिवस परशूनं चंद्रावर मोजले. कोर वाढत गेली, अबू मागं पडला, नर्मदा गेली, पुण्यात माळ्याचा बंगला लांबून ओलांडला. होळीच्या दिवशी सकाळी नंदिगड्ड्यापाशी ओढ्यात फटफटीनं एक उचकी दिली आणि पेट्रोल संपलं.

"पळ," बाबुराव म्हणाले.

चार कोस रान. परशू धावला, चालला, धावला. दुपार कलली तेव्हा वाडीत आला. घरं उघडी, माणूस नाही. काशीम्हातारी तेवढी गायीजवळ.

"सगळी झाड तोडाय गेल्यात," ती म्हणाली. "औंदाचं झाड कान्हूनं निवडलंय. कंचं, ते मला काय ठावं?"

दिग्गीच्या भोवती चारी बाजूंनी रान. झाडं मोजायला बसलं तर पुढची होळी यायची. परशू वाडीच्या टोकाशी आला, तिथं तीन वाटा फुटतात. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. आणि मधल्या वाटेवर कुड्याची एक डहाळी मोडलेली दिसली. ताजी. शेंडा आतल्या बाजूला.

पुढच्या फाट्यावर आणखी एक. मग आणखी एक. परशू आता धावला नाही. सरळ चालत गेला.

सगळी वाडी एका उंच किंदळाखाली बसली होती. बायका पान खात होत्या, पुरुष कंटाळले होते. कान्हू दगडावर कुऱ्हाड घासत होता. सकाळपासून तो हेच करत होता म्हणे. आधी म्हणाला, झाडावर मुंग्या हायत, जाऊ देत. मग पायात काटा गेला. मग धार बोथट वाटली. वर्षभर लखलखणारी ती धार ऐन होळीला कशी बोथट झाली, यावर बायकांत बरंच हसणं झालं होतं.

"आलास व्हय?" कान्हूनं मान वर न करता विचारलं. "किती वाट बघायची गा माणसानं? आता उचलणारच होतो."

"डहाळ्या कुणी मोडल्या?"

"मला काय इचारतोस? माकडं मोडत्यात."

"शेंडा झाडाकडं करून?" पुतळी म्हणाली. "लई शाणी माकडं हायत बाई औंदा."

सगळे हसले. कान्हूनं कुऱ्हाड पुढं केली. परशूनं किंदळाला हात लावला, नमस्कार केला आणि पहिला घाव घातला. धार अशी होती, की पातं हातभर आत गेल्यासारखं वाटलं.

होळी उभी राहिली, तेव्हा परशूनं कंबरेचं कणंग काढलं आणि कान्हूच्या हातावर ठेवलं. वाळवंट, रबारी, दूध, सगळं सांगितलं. कान्हूनं कणंग उलटंपालटं केलं, दातांच्या खुणा बोटानं चाचपल्या आणि म्हणाला, "ही आपल्या काशीआज्जीच्या शेळीच्या दातांची खूण हाय. मला काय गा शिकिवतोस?"

पण त्यानं ते टाकलं नाही. पाऊस लागला तसा आपल्या परड्यात पुरलं. वेल चांगला माजला. पुढं कित्येक वर्षं कान्हूच्या घरची पहिली कणगं टोपलीतून परशूकडं यायची. टोपली ठेवून कान्हू म्हणायचा, "बाडमेरची हायत. शेळीला घालू नकोस."